आदर्श यजमानाचे ढेकूण

तळ्याकाठच्या दोन खोल्यांच्या घरात ढेकूण झाले आहेत, ही गोष्ट प्रथम माईंना कळली, मग त्यांच्या नवऱ्याला, म्हणजे अण्णांना कळली, आणि तिसऱ्या कोणाला ती कळता कामा नये असा ठराव अण्णांनी एकट्यानेच एकमताने मंजूर केला.

घर अण्णांचंच, राहत्या घराशिवायचं दुसरं. वजनमापं तपासण्याच्या खात्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी ते सुट्टीला येणाऱ्या पाहुण्यांना भाड्याने द्यायला काढलं, आणि मोबाइलवरच्या कंपनीने त्यांच्या नावापुढे ‘आदर्श यजमान’ असा बिल्ला लावला. नोकरीत असताना अख्खा बाजार त्यांना बघून उठून उभा राहायचा. निवृत्तीनंतर कुत्रंही विचारेनासं झालं होतं. बिल्ल्याने त्यांना पुन्हा माणसांत आणलं. तो गेला तर घर यादीत पार तळाला जाणार, अण्णा त्याच्याही खाली, आणि पलीकडच्या गल्लीत बिनबिल्ल्याचं घर चालवणारा मेहुणा हसून हसून लोळणार. एवढं सगळं त्या गादीच्या शिवणीत येऊन बसलं होतं.

औषध फवारणारा आला. त्याने गादी उचलली, टॉर्च मारला आणि गादी अदबीने खाली ठेवली.

“कुटुंब मोठं आहे,” तो म्हणाला. “आठवडाभर घर रिकामं ठेवा. आमची गाडी दारात लागेल.”

गाडीवर पुरुषभर उंचीचं झुरळ उताणं पडलेलं रंगवलं होतं.

“गाडी मागच्या गल्लीत लावता येईल का?” अण्णांनी हळूच विचारलं.

“सगळे तेच म्हणतात. म्हणून तर मागच्या गल्लीत जागा नसते.”

घर रिकामं ठेवायचं म्हणजे आलेली बुकिंगं रद्द करायची. अण्णांनी कंपनीला फोन लावला.

“आदर्श यजमान तीनच कारणांनी बुकिंग रद्द करू शकतात, सर,” पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली. “आग, पूर किंवा मृत्यू.”

“कोणाचा?”

“यजमानाचा, सर. बिल्ला आम्ही महिनाभर राखून ठेवतो.”

“आणि समजा, घरात बारीकसारीक काही सजीव निघाले तर?”

“तर घर यादीतून निघतं, सर. घर स्वच्छ आहे असं पुढच्या पाहुण्याने लिहिलं की परत येतं.”

“अहो, पण यादीतच नसलं तर पुढचा पाहुणा येणार कुठून?”

“फार छान सूचना, सर. मी वर कळवते.”

अण्णांनी फोन ठेवला आणि ढेकणांशी जुळवून घ्यायचं ठरवलं. माईंनी पलंगाच्या सांध्यांत उकळतं पाणी ओतलं, गाद्या उन्हात टाकल्या, चादरींना कडक इस्त्री केली. ढेकूण तेवढ्यापुरते भिंतीत राहायला गेले आणि अंथरूण तयार झाल्यावर परत आले.

मग एक बँक मॅनेजर सपत्नीक येऊन राहिले. सकाळी किल्ली परत द्यायला आले तेव्हा साहेबांची मान लालभडक झाली होती आणि बाईसाहेब दोन्ही दंड आलटून पालटून खाजवत होत्या. अण्णांची पाचावर धारण बसली.

“झोप लागली ना?”

“अप्रतिम!” साहेब मान खाजवत म्हणाले. “आम्ही तुम्हाला पाच तारे देणार. तुम्हीही आम्हाला... पाचच ना?”

अण्णांची ट्यूब पेटली. पाहुण्यांनाही तारे होते! तक्रार करणाऱ्याला यजमान दोन तारे देतात, आणि दोन ताऱ्यांच्या माणसाला पुढच्या सुट्टीत कोणी गोठासुद्धा भाड्याने देत नाही. अण्णांनी पाच दिले. साहेबांनी लिहिलं, ‘या घरात क्षणभरही एकटं वाटत नाही.’

त्यानंतर ढेकूण वाढत गेले तसे तारेही वाढत गेले. एका नवविवाहित जोडप्याने ‘रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही’ असं लिहिलं, त्यावर तर बुकिंगची झुंबड उडाली. खुद्द औषध फवारणारा बायकोमुलांसह राहून गेला आणि पाच तारे ठेवून गेला. तारे त्याच्याही धंद्याला लागायचे.

माईंना हे बघवेना. “अहो, लोकांची तान्ही पोरं झोपतात त्या गाद्यांवर. काल त्या बाळाची पाठ बघितलीत? माझ्या घशाखाली घास उतरला नाही.”

“बाळाच्या आईने पाच तारे दिलेत.”

“आणि बाळाने?”

“बाळाचं खातं नाही,” अण्णा म्हणाले.

जो राहून जातो तोच लिहू शकतो, असा कंपनीचा नियम होता. म्हणून एक मोकळी तारीख बघून माईंनी स्वतःच्या मोबाइलवरून स्वतःचंच घर बुक केलं आणि तिथे एकट्या झोपून आल्या. अण्णा खूश. घरचेच पाच तारे, ते कुठे जातात!

दुसऱ्या दिवशी फोन आला. अण्णांनी तो कौतुकाने स्पीकरवर टाकला. माई समोरच चादरींच्या घड्या घालत होत्या, कोपरापर्यंत लाल चट्टे उठलेले.

“सांगायला वाईट वाटतं, सर,” कंपनीची मुलगी म्हणाली. “एका बाईंनी एकच तारा दिलाय. लिहिलंय, ‘इथे ढेकूण आहेत. या गाद्या मीच घालते, मला माहीत आहे.’ या तुमच्या कोणी लागतात का? नात्यातल्या असतील तर नातेवाइकाला पाहुणा दाखवल्याबद्दल तुमचा बिल्ला जाईल. अनोळखी असतील तर इतक्या पाहुण्यांपुढे त्या एकट्याच खोट्या ठरतात. त्यांचं खातं आम्ही बंद करू.”

माईंचा हात थांबला. अण्णांनी त्यांच्याकडे बघितलं, मग मोबाइलकडे बघितलं.

“आडनाव तेच दिसतंय, सर.”

“या आडनावाची इकडे ढीगभर माणसं आहेत,” अण्णा म्हणाले. “मी या बाईंना ओळखत नाही.”

“धन्यवाद, सर. अशा लोकांमुळेच चांगली घरं बदनाम होतात.”

माईंनी हातातली घडी पुरी केली आणि चादर अण्णांच्या मांडीवर ठेवली. “अनोळखी बाईकडून आणखी किती कामं करून घ्याल?” एवढंच त्या म्हणाल्या, आणि बॅग भरून बहिणीकडे गेल्या. अण्णांना भडभडून आलं. ते उठून दारापर्यंत गेलेही; पण तेवढ्यात बिल्ला सोनेरी झाल्याचा संदेश आला, आणि तो वाचून होईपर्यंत रिक्षा वळली होती.

घर अजून जोरात चालू आहे. गाद्या आता अण्णाच घालतात. गेल्या सुट्टीत तुम्ही तिथे उतरलात तेव्हा किल्ली त्यांनीच तुमच्या हातात दिली होती. म्हातारा फार एकटा दिसतो, असं परतताना तुम्ही पाठ खाजवत गाडीत म्हणालातही. पण लिहिलंत मात्र झकास. पाचच्या पाच.