रोसिओसाठी आणलेला पाला

पोरीला उपदेश करून उपयोग नाही, तेव्हा तिला गुपचूप पाला पाजावा, असं दामासोने त्या दुपारी ठरवलं. विल्यारिका गावच्या नगरपालिकेत पाणीपट्टीच्या खिडकीशी बसणाऱ्या माणसाला अशी कल्पना सुचणंच धोक्याचं.

रोसिओ पंधरा वर्षांची. पहाटेपर्यंत फोन कुरवाळायची आणि तारवटलेल्या डोळ्यांनी शाळेत जायची. मग कुणी नुसतं हसलं तरी अंगावर धावून जायची. परवा तिने ढोल वाजवणाऱ्या मुलाला त्याच्याच टिपरीने बडवलं. (टिपरी मोडली. मुलगा बचावला.) गावच्या संचलनात ती शाळेच्या पथकापुढे दंड फिरवत चालणार होती, वर्षभर तिला त्याचाच ध्यास. आता मुख्याध्यापिका निमियाबाईंनी तिला त्याच संध्याकाळी वडिलांसकट बोलावलं होतं. तिथे पुन्हा तोंड सुटलं, तर दंड दुसरीच्या हाती जाणार.

म्हणून दामासो बाजारात पालेवालीकडे गेला.

"डोकं शांत होईल असं काहीतरी द्या. पोरगी पंधराची आहे."

"अगं बाई! मग दोन मुठी न्या," खलबत्ता पुढे ओढत ती म्हणाली.

बर्फाच्या पाण्यात तो कुटलेला पाला घालून दामासो रोसिओला तेरेरे, म्हणजे तिकडचा थंडगार काढा, पाजायला बसला. तेरेरेचा पेला एकच, नळीही एकच. पाजणारा भरून देतो, पिणारा रिकामा करून परत करतो. आणि पिणाऱ्याने एकदा 'आभारी आहे' म्हटलं, की त्याला पुन्हा द्यायचा नसतो.

रोसिओने एक घोट घेतला. "शी! कुरणातलं गवत घातलंत का? आभारी आहे."

झालं! तांब्या भरलेला, आणि पिणारा एकटा दामासो. कुटलेला पाला ओतून द्यायला त्याचं मन होईना. त्याने सगळा संपवला आणि झोपाळ्यात जो आडवा झाला, तो घोरायलाच लागला. समोर भांडायला जागं माणूस नाही म्हटल्यावर रोसिओ तरी काय करणार? शेजारच्या झोपाळ्यात तीही गाढ झोपली.

उठली ती ताजीतवानी. "पप्पा, उठा! निमियाबाई वाट बघत असतील!"

अर्ध्या झोपेतून ओढून काढलेला दामासो बाईंसमोर बसला, तेव्हा त्याचं डोकं ठणकत होतं.

"दामासोसाहेब, मुलीच्या झोपेकडे लक्ष आहे का तुमचं?"

"जो उठतो तो मलाच बोलतो!" दामासो खेकसला. "खिडकीवर लोक बोलतात, घरी बायको बोलते, आता तुम्ही!"

"पप्पा, हळू."

"तू मध्ये पडू नकोस! मला कुणी समजूनच घेत नाही!" आणि त्याने टेबलावरचा शिक्का भिरकावला. तो थेट शाळेच्या संस्थापकांच्या तसबिरीवर आदळला.

मग त्याला दंड आठवला. पोरीचं वर्षभराचं स्वप्न आपण आपल्या हाताने बुडवलं!

रोसिओने शिक्का उचलून जागेवर ठेवला. "बाई, माफ करा. झोपमोड झाली की ते असं करतात. मनाचे वाईट नाहीत. आणि त्या ढोलवाल्याचीही मी माफी मागते."

निमियाबाईंनी उठून तसबीर सरळ केली.

"दंड तुझ्याकडेच राहील, रोसिओ. अशीच झोपत जा," त्या म्हणाल्या. "फक्त पुढच्या वेळी बोलावलं, तर घरातल्या कुणा मोठ्या माणसाला घेऊन ये."