शेगडीवर राजमा, संघात एक जागा

रविवारी दुपारी नेरेइदाच्या शेगडीवर राजमा रटरटत होता आणि बाहेर, गाडी ठेवायच्या पडवीत, ती आणि तिचा धाकटा भाऊ रुफो भांडत होते. गावचा बेसबॉल संघ दोघं मिळून चालवत. संघात एकच जागा उरली होती, संध्याकाळपर्यंत लीगला नाव कळवायचं होतं, आणि उमेदवार दोन होते.

"मोन्सेला घ्यायचं," नेरेइदा म्हणाली. "बावीस वर्षं परक्या गावांसाठी पिचिंग केलं त्यानं. शेवटचा हंगाम आपल्या गावासाठी खेळायचा म्हणतोय."

"ताई, चव्वेचाळीस वर्षांचा घोडा तो. त्याचा चेंडू पोचेपर्यंत समोरचा कॉफी पिऊन येतो. यादिएलला घे. दुसरा बेस, तिसरा बेस, कॅचर, कुठंही उभा कर. बटाटा आहे पोरगा, कशातही घाल."

"मग तुझं नाव काढ. दोघंही येतील."

रुफो संघाचा तिसरा कॅचर होता, म्हणजे फटका मारणाऱ्याच्या मागं उकिडवं बसून चेंडू झेलणारा. गेली पाच वर्षं तो उकिडवा बसला नव्हता, कारण बसला तर उठवायला दोन माणसं लागत. तरी दर हंगामात आठ नंबरचा शर्ट घालून तो बाकावर हजर असे.

"माझ्या आठ नंबरचं नाव काढायचं नाही," तो म्हणाला.

एवढ्यात वारा आला आणि स्वयंपाकघराचं दार धाडकन बंद झालं.

हे दार आतून मूठ खाली दाबली की उघडे. बाहेरून मात्र किल्लीनंच. पडवीला पुढून छतापर्यंत गज, आणि त्यातल्या फाटकाला कुलूप. दोन्ही किल्ल्या नेरेइदानं सवयीनं आत खिळ्याला अडकवल्या होत्या. शेगडी विजेची, पण तिचं मेन बटणही आत. राजमाही आत. कुलूपवाल्याला फोन केला, तर तो समुद्रावर पोहायला गेला होता.

बोलावलेले दोघे उमेदवार फाटकाशी आले, तेव्हा मालक मंडळी पिंजऱ्यात होती.

यादिएल लगेच कामाला लागला. छतावर चढला; तिथून आत जायला वाट नव्हती, पण टाकीचा पाइप होता, तो तुटला. मग पलीकडच्या बोळातून स्वयंपाकघराच्या खिडकीशी गेला. खिडकी उघडी होती आणि दाराच्या अगदी समोर होती, पण तिलाही गज. त्यानं आंबे काढायची काठी आत घातली. ती मुठीपर्यंत पोचली नाही आणि हातातून सुटून आत पडली. शेवटी त्यानं पिशवीतून चेंडू काढले.

दाराच्या, हातही जाणार नाही अशा अरुंद काचेला डोकं लावून बहीणभाऊ बघत होते. पहिल्या चेंडूनं कॉफीची बरणी गेली. दुसरा दारावर आपटला आणि उलट जाऊन नेरेइदाची चिनी मातीची कोंबडी घेऊन गेला.

"थांब रे बाबा," नेरेइदा म्हणाली. "सरळ येणारा चेंडू मूठ कशी दाबणार? वरून पडायला हवा."

मोन्से तोवर इस्त्रीचा शर्ट सांभाळत फुटपाथवर बसला होता. तो उठला. "एखादा चेंडू उरलाय का, पोरा?"

"तुझा पोचेपर्यंत राजम्याचा कोळसा होईल," रुफो म्हणाला.

मोन्से बोळात गेला आणि शेजाऱ्याच्या भिंतीला पाठ लावून उभा राहिला. खिडकीच्या दोन गजांमधून चेंडू जेमतेम जाईल एवढीच जागा होती.

काचेतून नेरेइदाला आधी त्याचा डावा हात दिसला, मग चेंडू. चेंडूला घाई नव्हती. गजांना न शिवता तो आत आला, शेगडीवरच्या धुरातून गेला आणि दाराच्याही वर जाणार असं वाटत असताना खाली वळू लागला, कुणी जपून पायऱ्या उतराव्यात तसा. त्याची लाल शिवण गरगर फिरताना तिला दिसली. वस्तू खाली कशा पडतात हे तिनं जन्मभर पाहिलं होतं. अशी एखादी पडताना पाहिली नव्हती. शेवटची वीतभर वाट रुफोच्या डोक्याआड गेली.

खट्.

काचेला रेललेला रुफो दारासकट आत गेला आणि शेगडीपुढं पालथा पडला. तिथूनच तो हळूच म्हणाला, "आईशप्पथ."

नेरेइदानं राजम्यात पाणी ओतलं, शेगडी बारीक केली आणि जमिनीवरचा चेंडू उचलला. पेटती मेणबत्ती न्यावी तसा दोन्ही हातांत धरून ती पडवीत आली. मोन्से आणि यादिएल पुन्हा फाटकाशी आले होते.

"म्हणजे बघा," रुफो तिच्यामागून बाहेर येत म्हणाला, "दार असं बंद होतं." आणि कसं ते दाखवायला त्यानं दार ओढून घेतलं.

खट्.

किल्ल्या अजून खिळ्यावरच होत्या. नेरेइदानं गजांतून चेंडू मोन्सेच्या हातात दिला.

मोन्सेनं तो शर्टाला पुसला. "संघाचं काय ठरलं म्हणायचं?" त्यानं अदबीनं विचारलं.

"तुझ्याशिवाय आहे कोण?" रुफो म्हणाला. "टाक आता."

"आणि हा पोरगा?"

"जागा एकच आहे, मोन्से."

"बरं," म्हणून मोन्से पुन्हा फुटपाथवर बसला.

"काका, माझं राहू द्या," यादिएल पुटपुटला.

"गप रे. माझ्या चेंडूवर लोक फटके मारणार. मग पळणार कोण, मी?"

आत राजमा पुन्हा रटरटू लागला. रुफोनं गजांतून हात बाहेर काढून यादिएलच्या खांद्यांचं वितीनं माप घेतलं.

"आठ नंबर पोटात सैल होईल तुला," तो म्हणाला. "टाके घालून घे. कापू नकोस."

मोन्से उठला आणि सावकाश बोळाकडे निघाला. रुफो लगबगीनं काचेपाशी गेला, पण नेरेइदा तिथं आधीच कपाळ टेकून उभी होती.

"सरक ना, ताई."

"नाही," ती म्हणाली. "मघाशी शेवटची वीतभर मला दिसली नाही."