बावीसचे बावीस

शनिवारी दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी, राहत्या घराच्या फाटकापाशी, भूमितीच्या मास्तरांनी पत्नी व सासूबाई यांच्या साक्षीने जाहीर केले की, विजेची मोटार लांबच्या प्रवासात दगा देते हा लोकांचा निव्वळ भ्रम होय. दोनशे सत्तर किलोमीटरवरील नाट्यगृहात सहाच्या ठोक्याला त्यांच्या लेकीच्या पहिल्या नाटकाचा पडदा उघडणार होता. चार्जिंग एकदाच, दोनशेव्या किलोमीटरला, तोवर काटकसर.

प्रथम एसी बंद झाला. उघड्या खिडकीने वाऱ्याचा विरोध वाढतो, म्हणून काचाही चढल्या. वेग पन्नासच्या वर जाईना.

"जावईबापू, मला शिजवायचं ठरवलंय का?" सासूबाई वर्तमानपत्राने वारा घेत म्हणाल्या.

पत्नीने मोबाईल गाडीच्या चार्जरला लावताच मास्तरांनी वायर उपटली.

"अगं, थेंबे थेंबे तळे साचे!"

"अहो, मोबाईल आहे तो, रोडरोलर नाही!"

चार वाजून दहा मिनिटांनी ते चार्जिंगच्या यंत्रापुढे उभे राहिले. बावीस टक्के शिल्लक! मास्तरांची छाती फुगली. मात्र यंत्रावर लिहिले होते : मोबाईलवरून सुरू करावे. पत्नीचा मोबाईल मेलेला. नकाशा दाखवून दाखवून मास्तरांचाही निवर्तलेला. सासूबाईंचा बटणांचा फोन जिवंत होता, पण त्याला बोलण्यापलीकडे काही येत नव्हते.

"ही सूचना तर्कदुष्ट आहे," मास्तर यंत्राला समजावू लागले. "ज्याच्याकडे वीज नाही, तोच इथे येणार ना?"

"भांडा तुम्ही," म्हणत पत्नी गाडीत बसली. तिने मोबाईल चार्जरला लावला, वर एसीही सुरू केला. दहा मिनिटांत मोबाईल शुद्धीवर आला, सासूबाईंना गार झोप लागली, आणि आकडा? बावीसचे बावीस.

यंत्र सुरू झाले. चार पन्नासला वायर काढताना मास्तरांनी हिशेब मांडला, "सत्तर किलोमीटर, वेग पन्नास... म्हणजे आपण सहा चौदाला पोचणार."

"तुमच्या वेगानं," पत्नी म्हणाली. "मागे बसा."

एसी लावून, काटा ऐंशीवर ठेवून तिने सहाला आठ कमी असताना गाडी नाट्यगृहाच्या दारात आणली. तोंडाला रंग लावलेली लेक धावत आली. घामाने चुरगळलेल्या सदऱ्यात मागच्या सीटवरून उतरणाऱ्या बापाकडे पाहून तिने विचारले, "आजी, गाडीनं त्रास दिला का गं?"

"गाडीनं नाही," सासूबाई म्हणाल्या.