झकेरियामामूंचा डेक

खांब चार, फळ्या सव्वीस, खिळे एकशे बारा, बोल्ट शून्य. सिव्हिल इंजिनिअरिंग शिकणाऱ्या भाचीने, अम्बरीनने, दुसऱ्यांदा मोजलं. शून्य शून्यच राहिलं.

झकेरियामामूंनी कुवेतमध्ये बावीस वर्षं दुसऱ्यांचे डेक, घराला जोडलेले उघडे लाकडी सज्जे, पाहिले होते. परत आल्यावर महाडजवळच्या घरामागे, उतारावर, त्यांनी स्वतःचा बांधून घेतला. शुक्रवारी नमाजनंतर चोवीस माणसांची दावत तिथेच होती.

"मामू, बाहेरची बाजू खांबांवर आहे, पण घराकडची नुसत्या या फळीवर. आणि फळी भिंतीला खिळ्यांनी लटकलीय. भार आला की खिळे सरकत बाहेर येतात."

बांधणारे रायबा पोलादपूरच्या वरच्या वाडीतले. ते शांतपणे म्हणाले, "माजा पेंड्याचा माळा खिल्ल्यांवरच हाय गो. वीस वरसं झाली, हलला नाय."

"काका, पेंढा जेवून एकदम उठत नाही."

मामूंचा चेहरा पडला. मेहुणा इरशाद येणार होता, आणि या डेकला आधीच 'बकऱ्यांचं मचाण' म्हणून बसला होता. दावत आत हलवली तर तो जन्मभर तेच बोलला असता.

अम्बरीनला दया आली. "मग चाचणी घेऊ. चोवीस माणसं, साठ किलोंनी चौदाशे चाळीस. भाताची पन्नास किलोची एकोणतीस पोती डेकवर ठेवायची, चोवीस तास."

'चाचणी' हा शब्द मामूंना फार आवडला. गुरुवारी सकाळी सुरू करायची ठरली, पण पोती चढवता चढवता चार वाजले. मामूंनी कठड्यावर कागद चिकटवला : चाचणी चालू आहे.

शुक्रवारी सकाळी खैरुनमामी म्हणाल्या, "पोती उतरवा आता. पाहुणे काय भाताच्या मांडीवर बसणार?"

"चार वाजेपर्यंत हात लावायचा नाय," मामू म्हणाले.

"दावत दोनला आहे."

"चोवीस तास म्हणजे चोवीस तास. मधेच उतरवलं तर कोण धरेल ती चाचणी? विचार अम्बरीनला."

अम्बरीनने मान डोलावली. शास्त्राच्या दृष्टीने मामूंचं चुकत नव्हतं.

पाहुणे घरापुढच्या ओटीवर दाटीवाटीने बसले. इरशादला रंग चढला. "दुल्हाभाई, माणसं कोंडलीत आणि भात हवा खातोय. पुढच्या वेळी मला पोत्यात घालून बोलवा."

मामू त्याच्या ताटात बिर्याणी वाढत राहिले.

मागून आधी पकडीने खिळा उपटावा तसा आवाज आला, मग तसेच पुष्कळ, आणि शेवटी एक जड धप्प. ओटीवरचे सगळे हात ताटात थांबले.

मामूंनी घड्याळ पाहिलं. "तेवीस तास पाच मिनिटं."

सगळे मागे धावले. घराकडची बाजू खाली रचलेल्या सरपणावर उतरली होती आणि पोती भिंतीपाशी घसरून एकमेकांवर चढली होती. इरशादने धावत आलेले पाहुणे बोटाने मोजले. आपल्यापाशी येऊन तो थांबला.

"दुल्हाभाई," तो हळूच म्हणाला, "चाचणी चांगली होती."

"खीर थंड होतेय," मामी म्हणाल्या.

रायबा बराच वेळ उपटलेले खिळे निरखत होते. मग अम्बरीनजवळ आले. "उद्या वाडीवर येशील काय गो? माळा बघाया. खाली म्हशी बांधतो मी."

"येते, काका."

"आधी इथलं लिहून घे," मामू म्हणाले आणि टेपचं एक टोक स्वतः भिंतीवरच्या फळीच्या जुन्या खुणेवर धरून उभे राहिले. अम्बरीनने दुसरं टोक खाली उतरलेल्या फळीपर्यंत नेलं.

चौऱ्याहत्तर सेंटिमीटर.