फेण्यांचा थांबा

राहीबाईने त्या दिवशी ठरवलं ते एवढंच, की तांदळाच्या फेण्या अंगणात वाळत घालायच्या नाहीत.

कारण ठमाबाईच्या कोंबड्या. ठमाबाई शेजारीण, बाई वाईट नाही, पण तिच्या कोंबड्यांना कुंपण कळत नाही आणि तिला कोंबड्या आवरत नाहीत. गेल्या उन्हाळ्यात अर्धं वाळवण त्यांनी टिपलं, आणि वर ठमाबाई म्हणते कशी, "अगो राही, तुझ्या फेण्या खाऊन माझी तलंग खोकायला लागली!" तेव्हापासून राहीबाई तिच्याशी बोलायची ती दात आवळून. कौलांवर घालाव्यात तर माकडं. (सडेवाडीत माकडं माणसांपेक्षा जास्त, आणि कामाला माणसांपेक्षा चपळ.) इकडे तांदळाचं पीठ आंबून तयार, चुलीवर वाफेचं भांडं चढलेलं, आणि बाहेर वैशाखाचं ऊन नुसतं वाया चाललेलं. मग राहिला रस्ता.

आता रस्त्याचं सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

सडेवाडी कापड्याच्या वर, आंबेनळी घाटाच्या वाटेवर. वाडीला येष्टी एक सकाळी यायची आणि एक संध्याकाळी. म्हणजे यायची असं म्हणायची पद्धत होती. हात दाखवला की थांबायची, कधी हात दाखवूनही थांबायची नाही. अशात त्या वर्षी वरून येष्टीचे नवे हर्षद साहेब आले. वयाने तरुण, शर्ट खोचलेला, डोक्यात पुणं. पुण्यात म्हणे बसगाड्यांना रस्त्यातच वेगळा पट्टा काढलाय, त्यावर दुसरं कुणी जायचं नाही, बस कशी पाण्यासारखी वाहते. तसाच पट्टा काढून जलद गाडी साहेबांना घाटाच्या पायथ्यापासून पोलादपूरवरून महाडपर्यंत सोडायची होती. दिवसभर फेऱ्या. थांबे मात्र मोजके: कापडे, पोलादपूर, महाड. गाडी जायची सडेवाडीवरूनच, पण सडेवाडी त्यात नव्हती.

ह्यावर कापड्याच्या शाळेत सभा भरली. सगळ्यात आधी उठला श्रीपत. कापड्यात नाक्यावर त्याचं दुकान, त्यामुळे थांब्याची त्याला काळजी नव्हती.

"साहेब, एकेका वाडीला थांबा दिलात तर ती जलद गाडी कसली? आपली जुनीच येष्टी, नवा रंग फासलेली!"

लोक हसले. आणि खोटं कशाला बोला, त्याचं बोलणं चुकीचं नव्हतं. म्हणून तर राहीबाईला जास्त राग आला.

ठमाबाई म्हणाली, "मला हळू गाडीतच मळमळतं. जलद गाडीत तर आतडी पोलादपूरला आणि मी महाडला."

धोंडू शेळ्यावाल्याने विचारलं, "माझ्या शेळ्यांनी पट्टा कुठनं ओलांडायचा?"

"ओलांडायचाच नाही," साहेब म्हणाले.

"मग ते शेळ्यांना तुमीच सांगा. माझं त्या ऐकत नाय."

ह्या गडबडीत राहीबाई उभी राहिली. तांबड्या काठाचं हिरवं पातळ नेसून आली होती, भावाने दिवाळीला दिलेलं. तिचा नवरा हैबती तिचा पदर ओढून "बस गो, बस" म्हणत होता, पण राहीबाई एकदा उठली की बसवणं हैबतीच्या हातात लग्नापासून कधी नव्हतं.

"साहेब, मी चौथी शिकलेली. पाचवीची शाळा हितं कापड्याला, आणि एकटी पोर रानातनं जाईल कशी म्हणून मला कुणी सोडली नाय. आता माझी तेजश्री दहावी झाली. पुढचं कॉलेज महाडला. तिचा बाप म्हणतो, गाडी वाडीत थांबली तर जाईल, नाय तर नाय. म्हंजे आई चौथीला अडकली, लेक दहावीला. असल्या जलद गतीनं आमी महाडला पोचायचं कधी?"

हर्षद साहेबांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "पट्टा तयार झाला की पहिल्या शनिवारी चाचणीची गाडी घेऊन मी स्वतः येतो, बाराच्या सुमाराला. तुमच्या वाडीत शिस्त दिसली, पट्टा मोकळा दिसला, तर थांब्याचं बघू. पण पट्ट्यावर काडीसुद्धा नको."

"काडी दिसली तर माझं नाव बदला!" राहीबाई म्हणाली.

(माणसाने सभेत बोलावं, पण नावावर जाऊ नये.)

त्यानंतर डोंगराकडच्या बाजूला नवं डांबर पडलं, पांढरी रेघ ओढली गेली आणि राहीबाईने वाडीला सळो की पळो करून सोडलं. धोंडूच्या शेळ्या तिने ओहोळातून फिरवायला लावल्या. हैबतीचा बैल रेघेवर शेण टाकून गेला तर तिने बैलाला सोडून हैबतीला धुतला. पोरं पट्ट्यावर लगोरी खेळायची बंद झाली आणि तिकडे फिरकणाऱ्या कोंबड्या हाकलायला लागली. वाडीचा काळा कुत्रा, जो जन्मापासून रस्त्याच्या मध्ये झोपत आलेला, तोही रेघेच्या अलीकडे झोपायला लागला.

आता तुम्हीच सांगा. शनिवारी सकाळी राहीबाई वाफेच्या फेण्यांचं ताट घेऊन दारात उभी आहे. समोर काळं, तापलेलं, झाडून लखलखीत केलेलं डांबर. त्यावर कोंबडी नाही, शेळी नाही, माणूस नाही, कारण तिच्याच धाकाने तिकडे कुणी पाऊल टाकत नाही. सगळ्या वाडीत वाळवणाला याच्याहून सुरक्षित जागा कुठली?

हैबतीने तेवढ्यात विचारलं, "अगो, आज गाडी हाय ना?"

"बाराला हाय."

"मग?"

"मग काय? बाराची येष्टी म्हंजे दोनला. तोवर वाळून, उचलून, झाडून मोकळी होते मी."

"पण ही जलद हाय म्हणतात."

"जलद चालायला! यायला नाय!"

हे तर्कशास्त्र सडेवाडीत कुणालाही पटलं असतं. हैबतीलाही पटलं. तो पाणी भरायला गेला.

अंथरायला जुनी लुगडी नव्हती, सगळी गोधडीत गेली होती. धड, अखंड, सुती असं एकच होतं. तांबड्या काठाचं. ते तिने लांबच्या लांब पसरलं आणि ओळीने फेण्या मांडल्या. पांढऱ्या शुभ्र, तीळ लावलेल्या. क्षणभर उभी राहून बघत राहिली, तर तिचं तिलाच कौतुक वाटलं.

ठमाबाईने कुंपणावरून पाहिलं. राहीने घातल्यात म्हणजे चालत असणार. तिने मिरच्या आणल्या. मग कुणी आमसुलं आणली, कुणी नाचणीचे पापड, कुणी आंबोशी. दहा-अकराला पट्टा असा दिसत होता की महाबळेश्वरला चाललेली एक मोटार थांबली आणि आतल्या बाईने काच खाली करून मिरच्यांचा भाव विचारला.

आणि बाराची गाडी बाराला आली.

सडेवाडीत हे आधी कधी घडलं नव्हतं. वळणापलीकडे भोंगा वाजला तेव्हा बायांना वाटलं लग्नाचा ट्रक असेल. तेजश्री तेवढी थांब्याच्या जागी उभी होती, नवा ड्रेस घालून, वेणी घालून, वाडीत प्रवासी आहेत हे साहेबांना दिसावं म्हणून. ती किंचाळली, "आये! गाडी!"

राहीबाई पिठाच्या हातांनी, अनवाणी धावली आणि पट्ट्याच्या मधोमध दोन्ही हात वर करून उभी राहिली. दत्ताराम ड्रायव्हरने ब्रेक दाबला. आतली माणसं पुढच्या बाकांवर आपटली. गाडी थांबली ती पहिल्या फेणीपासून वीतभर अंतरावर.

हर्षद साहेब उतरले. मागून श्रीपत उतरला, कापड्याचा प्रतिनिधी म्हणून आलेला. त्याचा चेहरा सत्यनारायणाचा प्रसाद मिळाल्यासारखा.

"बघा साहेब! ह्यांना थांबा पाहिजे!"

साहेबांनी पट्ट्याच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. "हे काय आहे?"

राहीबाई वळली आणि बायांवर ओरडली, "कुणी घातलं गो हे? लाज नाय वाटत?"

(होय. असं ती म्हणाली. घाबरलेलं माणूस काय बोलेल सांगता येत नाही, आणि तापट माणूस घाबरलं तर विचारूच नका.)

सगळ्या बाया तिच्याकडे बघत राहिल्या. ठमाबाईचं तोंड उघडं ते उघडंच. साहेब खाली वाकले, फेण्यांखालचा तांबडा काठ त्यांनी निरखला.

"हे पातळ मी कुठेतरी पाहिलंय."

"पायलं आसंल ना, साहेब," हैबती कळशी खाली ठेवत पुढे आला. "हिचंच हाय. सभेला नेसलेली ना, तेच. पण चांगलं धुवून घातलंय हां, शंका नको."

राहीबाईने नवऱ्याकडे असं बघितलं की त्याने कळशी परत उचलली. श्रीपत खदाखदा हसत होता. बाकीच्यांनाही हसू फुटलं. मग तिची नजर तेजश्रीकडे गेली. पोरगी हसत नव्हती. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती, पुन्हा गुंडाळत होती, आणि डोळे भरून आले होते.

तिथे राहीबाईचा सगळा ताठा उतरला.

"साहेब, माझंच हाय ते. मीच घातलं, माझं बघून ह्यांनी घातलं. काय बोलायचं ते मला बोला. पण थांबा माझा नव्हता मागितलेला, पोरीचा होता. तो नका काढू."

साहेबांनी चष्मा काढला, पुन्हा लावला. शेवटी म्हणाले, "आधी हे उचला."

उचला म्हणणं सोपं. फेणी अर्धी ओली असताना ओढली की फाटते, अलगद सोडवावी लागते. बाया बसल्या, तेजश्री बसली, मग गाडीतली माणसं उतरून बसली. दत्ताराम ड्रायव्हरही उकिडवा बसला. त्याने एक सोडवली आणि तोंडात टाकली. अर्धवट ओली फेणी कशी लागते हे ज्याला ठाऊक आहे त्याला पुढचं सांगायला नको.

"तेल-तिखट हाय का गो, ताय?"

हैबती धावत जाऊन घेऊन आला. मग सगळ्यांनी खाल्ल्या. साहेबांनी आधी नको म्हटलं, आणि नको म्हणत म्हणत ताट आपल्याकडे ओढलं. श्रीपतने तर दोनदा मागून घेतल्या, तेव्हा त्याचं हसू कुठे गेलं होतं कुणास ठाऊक.

हात धुताना दत्ताराम म्हणाला, "साहेब, मी ह्या रस्त्यावर लय वर्षं गाडी चालवतोय. हितं कधी शेळी आडवी येते, कधी वरात, आज फेण्या. गाडी हितं थांबणारच. मग थांबाच देऊन टाका की. निदान लोक कडेला तरी उभे ऱ्हातील."

श्रीपत काही बोलायला गेला, पण त्याच्या तोंडात फेणी होती.

"पट्ट्याचं मला पुन्हा बघावं लागेल," साहेब हळूच म्हणाले. "पण थांबा... बरं. दिला."

पट्ट्याचं पुढे कुणी पुन्हा पाहिलं नाही. पांढरी रेघ आषाढातच वाहून गेली. पण गाडी सुरू झाली, आणि तेजश्री महाडच्या कॉलेजात जायला लागली. पहिल्या दिवशी वाडी पोचवायला आली होती. ठमाबाईसुद्धा, काखेत एक कोंबडी धरून.

एकच गोष्ट राहीबाईला टोचत राहिली. वाडीचं नाव गाडीत कुणी घेईना. दत्तारामने कंडक्टरला सांगितलं, कंडक्टरने सगळ्यांना. वळण आलं की हाक यायची, "चला, फेण्या उतरा!" राहीबाईने शपथच घेतली: जो तिच्यासमोर थांब्याला फेण्या म्हणेल त्याच्याशी जन्माचा अबोला.

श्रावणात ती महाडला बाजाराला गेली. येताना गाडी गच्च भरलेली, कंडक्टर नवा. राहीबाईने पदर सारखा केला आणि ठसक्यात सांगितलं, "एक सडेवाडी."

"सडेवाडी? असा थांबा नाय, मावशी. कापड्याला उतरा."

"नाय कसा? मी मिळवलेला थांबा हाय तो!"

"मावशी, पंधरा दिवस मी रोज ह्याच गाडीवर हाय. मला ठाऊक नाय होय? कापडे देऊ?"

कापड्यापासून चढ. डोक्यावर ओझं. बाहेर पाऊस धो धो. गाडीतली सगळी माणसं मान वळवून बघायला लागलेली. राहीबाईने खिडकीबाहेर पाहिलं, घसा खाकरला, आणि जन्मात इतक्या हळू कधी बोलली नव्हती तितक्या हळू म्हणाली,

"...एक फेण्या द्या."

"मग आधी सांगायचं ना!" कंडक्टर तिकीट फाडत म्हणाला.

आणि मागच्या बाकावरून श्रीपतचा आवाज आला, "ओल्या का वाळलेल्या, वयनी?"