आठ नंबरचा संशयित

शरच्चंद्र टेंभेकर यांच्या मते मध्य भारतात खऱ्या अर्थाने बारकाईने पाहणारी माणसं दोनच झाली, आणि त्यातल्या दुसऱ्याचं नाव त्यांना आठवत नसे. आबकारी खात्यात तेहतीस वर्षं काढल्यामुळे माणसाच्या चालीवरून त्याने काय घेतलंय, किती घेतलंय आणि कोणाच्या घरी घेतलंय, हे आपण सांगू शकतो असं ते म्हणत. निवृत्तीनंतर रायपूरच्या बूढ़ापाऱ्यातल्या घराच्या दारावर त्यांनी ‘गुप्त तपास’ अशी पाटी लावली. ती रस्त्यापलीकडूनही वाचता येईल एवढी मोठी होती. दोन वर्षांत त्यांनी तीन प्रकरणं हाताळली. पहिल्या दोन प्रकरणांतलं मांजर आणि गॅस सिलिंडर आपापले परत आले. तिसऱ्या प्रकरणातला गुन्हेगार ते स्वतःच निघाले.

चौथं प्रकरण त्यांच्या पुतणीने, इरावतीने आणलं. ती पुण्याहून दहा दिवसांसाठी आली होती आणि आईच्या घरी लॅपटॉप उघडून नोकरी करत होती. काकांचं घर भिंतीला भिंत लागून, त्यामुळे फिर्याद गच्चीवरूनच दाखल झाली. कोणीतरी बाबांचे बूट वापरतंय, असं तिचं म्हणणं होतं.

ते बूट साधे नव्हते. इरावतीच्या वडिलांनी, नीलकंठरावांनी, ते सहा महिने विचार करून घेतले होते. दिवसभरात पाय फुगतो, सकाळी बसणारा बूट संध्याकाळी चावतो, म्हणून ते दुकानात संध्याकाळीच जात, तेही नेहमीचे मोजे घालून. अंगठ्याने चामडं दाबायचे. सोल शिवलेला आहे की नुसता चिकटवलाय, हे वाकून बघायचे. पाचव्या खेपेपासून दुकानदाराने त्यांना पाणी विचारणं सोडलं. शेवटी घेतले ते तपकिरी, बिनलेसचे, घोट्याच्या वर येणारे. दोन्ही बाजूंना इलास्टिक आणि मागे ओढून चढवायला चामड्याची कडी. अकरा वर्षं चालले. सोल दोनदा बदलला, बूट तेच.

एप्रिलमध्ये नीलकंठराव गेले. तेराव्याला छत्रीबरोबर बूटही दानात द्यावेत असं कोणीतरी सुचवलं, तेव्हा इरावतीने नवीन चपला आणून दिल्या आणि बूट व्हरांड्यातल्या कपाटात ठेवले. कोणीही हात लावायचा नाही, असं तिने घरातल्या सगळ्यांना बजावलं. चालताना पंजा जिथे वाकतो तिथे त्या चामड्यावर बाबांच्या पायाच्या घड्या होत्या. त्या आता दुसरीकडे कुठे नव्हत्या.

ऑगस्टमध्ये तिने कपाट उघडलं. चार महिने बंद असलेल्या चामड्यावर रायपूरच्या पावसाळ्यात हिरवी बुरशी असायला हवी होती. बूट चमकत होते. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबले होते आणि अंगठ्यापाशी एक नवीन घडी पडली होती.

काकांनी भिंग काढलं. बुरशीचं नसणं हाच पुरावा, असं म्हणून त्यांनी अर्धा तास बुरशी नसलेली जागा तपासली. मग बोळा उलगडला. कागद गेल्या शनिवारचा होता आणि त्यावर पंडरीच्या कापडबाजारातल्या साड्यांच्या सेलची जाहिरात होती. म्हणजे आरोपी कपड्याचा व्यापारी. दुपारी पंडरीला जाऊन त्यांनी सतरा दुकानदारांचे पाय पाहिले आणि एक टॉवेल घेऊन परत आले.

दुसरा संशय त्यांच्याच मुलावर, यशदीपवर. तो शंकर नगरात राहायचा आणि त्याचा पायही बुटांसारखाच आठ नंबरचा होता. त्याला बोलावून व्हरांड्यात चालवलं. आपण फक्त स्पोर्ट्स शूज घालतो असं त्याने हिंदीत सांगितलं. इतकं चोख उत्तर निर्दोष माणूस देत नाही, अशी काकांनी वहीत नोंद केली.

वहीत सगळ्यांच्या पादत्राणांचा हिशोबही होता. रोज दुपारी साडेचारला काका दारातल्या चपला मोजत, बुटांचं कपाट न उघडता. ‘वहिनींच्या चपला जागेवर. अर्थात वहिनी आत झोपलेल्या. संशयातून मुक्त.’ हे तीन दिवस ओळीने लिहिलेलं होतं. इरावती त्या वेळी कानाला हेडफोन लावून मीटिंगमध्ये असे, आणि आईच्या खोलीचं दार लोटलेलं असे.

चौथ्या दिवशी काकांनी सापळा लावला. जेवणं झाल्यावर कपाटापुढे तांदळाचं पीठ पसरलं आणि ते आपल्या घरी वाट पाहत बसले, म्हणजे झोपले. पाच वाजता इरावतीला हाक मारून दोघं व्हरांड्यात आले. पिठात ठसे होते, जाणारे आणि येणारे. काका गुडघ्यांवर बसले.

“लिही. आठ नंबर. बूट तेच. डावी टाच बाहेरून झिजलेली. घाई नाही. माणूस सत्तरीचा, सरळ स्वभावाचा, पण थोडा हट्टी. असा चालणारा मी एकच...”

 इरावतीने लिहिणं थांबवलं. काकांनी भिंग पुसलं, ते स्वच्छच होतं, तरी पुन्हा पुसलं.

“दादाचेच पाय आहेत हे,” ते म्हणाले.

तेवढ्यात शांताबाई झाडू घेऊन आल्या. पंधरा वर्षं त्या या घराची धुणीभांडी करत होत्या. त्यांनी पिठाकडे पाहिलं, मग पुराव्यावर बसलेल्या काकांकडे.

“उठा बाप्पा, झाडू द्या. बाईंनी मुंग्यांची पावडर समजून तुडवलं सगळं.”

“कोणत्या बाईंनी?”

“आपल्याच. रोज चार वाजता तलावावर फिरून येतात ना बूट घालून.”

काकांनी विचारलं की ही गोष्ट त्यांना कधीपासून ठाऊक आहे.

“पहिल्या दिवसापासून. कागद मीच तर कोंबते. खोबरेल मीच लावते.”

“मग सांगितलं काहून नाही?”

“मले कोणी विचारलं काय? तुम्ही तर त्या पंडरीवाल्यांना विचारून राहिले होते.”

इरावतीची आई, सरोजिनीबाई, आतून आल्या. बूट अजून पायातच होते. साडी थोडी वर धरलेली, हातात वाकड्या दांड्याची छत्री. गुडघे वाकत नाहीत, सँडलचा पट्टा लावता येत नाही, आणि चपलेने तलावाच्या ओल्या फरशीवर त्या जूनमध्ये एकदा पडल्या होत्या. बूट उभ्याउभ्याच चढतात. मागच्या कडीत छत्रीचा दांडा अडकवून ओढलं की झालं. हे सगळं त्यांनी सांगितलं ते शांताबाईंकडे बघून.

“मी सांगितलं होतं ना आई, हात लावायचा नाही,” इरावती म्हणाली.

“हात कुठे लावला? पायच घातले.”

इरावती हसली नाही. खाली बसून तिने नव्या घडीवरून बोट फिरवलं. घडी बरोबर जुन्या घडीला लागून होती. खोबरेलाने चामडं फार सैल पडलं होतं, तेवढंच.

काका पूर्वपदावर आले. प्रकरणाचा निकाल लावल्याशिवाय त्यांना राहवेना. बूट वहिनींना दोन नंबर मोठा आहे, टाच सुटते, आत जाड सुखतळा टाकला की प्रश्न मिटेल, तो आपण आजच आणतो, असं त्यांनी जाहीर केलं.

“आणू नका, भाऊजी,” सरोजिनीबाई म्हणाल्या. “टाच सुटते तेव्हा मागे चट् चट् वाजतं. चाळीस वर्षं हे माझ्यापुढे वीस पावलं चालले. बाजारात मी पाठ ओळखून मागे पळायची. आता मी पुढे असते, अन् कोणीतरी मागून येऊन राहिलंय असं वाटतं.”

काकांनी वही मिटली. शांताबाईंनी पीठ सुपात भरलं आणि हे आता खायच्या कामाचं नाही, असं म्हणून बाहेर नेलं.

रात्रीच्या जेवणाआधी इरावतीने खोबरेल पुसून काढलं, ब्रश फिरवला, पॉलिशचा पातळ हात दिला. एक दिवस घालायचे, एक दिवस वाळू द्यायचे, उन्हात नाही, पंख्याखाली, हे बाबांचे नियम तिने आईला सांगितले. आईला ते पाठ होते. तरी तिने ऐकून घेतले.

एक दिवस बूट वाळल्यावर दुपारी चार वाजता इरावतीने लॅपटॉप बंद केला आणि मीटिंगमध्ये तब्येत बरी नसल्याचं कळवलं. तलावावर गर्दी होती, भुट्टेवाल्यांचा धूर होता. आई पुढे चालली होती, सावकाश, छत्री टेकत. चट्, चट्. इरावती सवयीने तिच्या बरोबरीने चालायला निघाली, मग थांबली आणि आईपासून चार पावलं मागे राहिली. मध्ये कोणाला यायचं असेल तर येऊ दे, असं तिच्या मनात आलं.