भांडं कुणाचं?

चौगुलेला कुणी चहा दिला, तर कप हातात घेण्याआधी तो विचारतो, "कप कुणाचा?"

नव्या माणसाला वाटतं, हा सोवळंओवळं पाळतो की काय. तसलं काही नाही. त्याला फक्त एवढंच जाणून घ्यायचं असतं, की चहा पिऊन झाल्यावर हा कप घासायचा कुणी. ऑफिसचा असेल तर मावशी घासणार, त्याचा स्वतःचा असेल तर तो घासणार. एकदा हे ठरलं की तो सुखानं चहा पितो. एकदा मावशींनी चांगुलपणानं त्याचा कप घासून ठेवला, आणि ते ठाऊक नसल्यामुळे त्यानंही तो पुन्हा घासला. कळल्यावर तो मावशींसमोर जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "मावशी, एकच भांडं दोघांनी घासायचं न्हाय. त्यानं सगळं बंद पडतंय." मावशी बिचाऱ्या संध्याकाळपर्यंत मधून मधून नळ सोडून बघत होत्या.

सुरुवातीलाच सांगून टाकतो, चौगुलेबद्दल मी निर्मळ मनानं लिहू शकत नाही. मला त्याचा हेवा वाटतो. आम्ही दोघं एकाच दिवशी या कंपनीत लागलो. शाहूपुरीत आमचं ऑफिस आहे आणि आम्ही दूध संस्थांसाठी सॉफ्टवेअर करतो. मी वेळेवर येतो, इस्त्रीचा शर्ट घालतो, कुणाला उलट बोलत नाही. चौगुले चपला फटफटवत येतो, मीटिंगमध्ये मोठ्यानं जांभई देतो आणि मालकांना तोंडावर "हे चालायचं न्हाय" म्हणून सांगतो. तरी नवीन काम आलं की आमचे मालक, इंगवले सर, केबिनमधून मान बाहेर काढून विचारतात, "चौगुले कुठाय?" मी समोरच बसलेला असतो.

त्याच्या वेडाचं मूळ आमच्या धंद्यात आहे, म्हणून तेवढं समजून घ्या. एक प्रोग्राम सगळी कामं स्वतः करत नाही. पावती छापणं, फोनवर संदेश पाठवणं अशी कामं तो दुसऱ्या एका तयार प्रोग्रामकडून करून घेतो. त्याला लायब्ररी म्हणतात. तिथं पुस्तकं नसतात, हे माझ्या आईला मी अजून पटवू शकलेलो नाही. आता एखादं नाव लायब्ररीला द्यायचं म्हणजे ते कशात तरी घालून द्यावं लागतं, शेजारी आमटी देतो तसं. चौगुले त्या जागेला भांडंच म्हणतो. आणि कोणतंही काम पुढं आलं की त्याचे ठरलेले प्रश्न सुरू होतात. "भांडं कुणाचं? मावतंय किती? संपतंय कुठं?"

भांडं कुणाचं, कारण ज्यानं ती जागा घेतली त्यानंच ती मोकळी करायची असते. दुसऱ्यानं मधे हात घातला की प्रोग्राम कोसळतो. याचा चौगुलेनं नियमच केला आहे. "ज्यानं दिलं, त्यानंच न्यायचं." मावतं किती, कारण इंग्रजी अक्षर अंग चोरून बसतं, पण आपल्या मराठीतल्या एकेका अक्षराला तिप्पट जागा लागते, आणि काना, मात्रा, वेलांटी यांना परत वेगळी. इंग्रजीच्या मापानं भांडं घेतलं की नाव मधेच तुटतं. आणि संपतं कुठं, कारण नाव संपल्याची खूण आपण ठेवली नाही, तर यंत्र आपलं वाचतच सुटतं.

या शेवटच्या खुणेनं मात्र चौगुलेचं आयुष्य नासवलं. कारण तो बोलतानाही ती ठेवतो. फोनवर म्हणतो, "व्हय, उद्या येतो. संपलं." दुसरा माणूस 'संपलं' म्हणाला नाही, तर हा फोन कानाला लावून गप्प उभा राहतो, न जाणो अजून काही यायचं असेल. हातकणंगल्याला तो मुलगी बघायला गेला, तेव्हा मीही बरोबर होतो. मुलगी छान होती. पोहे झाले, मुलीच्या वडिलांनी विचारलं, "मग काय पावणं, कसं वाटलं?" चौगुले लाजून, पण खणखणीत आवाजात म्हणाला, "मला पसंत हाय. संपलं."

मुलीचे वडील जरा कमी ऐकायचे. त्यांच्या कानात फक्त शेवटचा शब्द गेला. ते उठले आणि आतल्या खोलीत निघून गेले. मी समजावायला पुढं झालो, पण तोवर मुलीच्या काकांनी आमच्या चपला सरळ करून ठेवल्या होत्या. परत येताना मी म्हटलं, "मर्दा, एवढा एक शब्द गिळला असतास तर?" तो म्हणाला, "आणि मग त्यांना कळलं कसं असतं, बोलणं झालं म्हणून?" त्यानंतर तो कुठं मुलगी बघायला गेला नाही.

बाळूनाथाची गोष्ट आमच्याकडे अजून चहाबरोबर निघते. मुरगूडकडच्या एका दूध संस्थेला आमचं सॉफ्टवेअर दिलं होतं. सकाळी दूध घातलं की शेतकऱ्याच्या फोनवर त्याच्या नावानिशी संदेश जायचा. संदेश पाठवणारी लायब्ररी बाहेरून विकत घेतलेली होती. ती विकणारा गुळगुळीत चेहऱ्याचा माणूस आला, तेव्हा चौगुलेनं भर मीटिंगमध्ये विचारलं, "नाव संपतंय कुठं, ते कोण बघणार? तुम्ही का आम्ही?" तो माणूस हसून म्हणाला, त्याची तुम्ही चिंताच करू नका. सगळे हसले. हाच प्रश्न माझ्याही मनात आला होता. पण मनात आलेल्या प्रश्नाला साक्षीदार नसतो.

पुढं काय झालं? त्या संस्थेत काशीनाथ नावाच्या शेतकऱ्याच्या मागं रोज बाळू नावाचा शेतकरी उभा असायचा. लायब्ररीनं काशीनाथचं नाव ज्या भांड्यात घातलं, त्याच भांड्यात मागोमाग बाळूचं घातलं. 'काशी'च्या जागी 'बाळू' आलं, पण संपल्याची खूण कुणीच ठेवली नाही, म्हणून मागचं 'नाथ' तसंच राहिलं. बाळूच्या फोनवर संदेश आला, "बाळूनाथ, आपले दूध पोहोचले." दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी त्याच्या जागी राधाबाई रांगेत होती, यादीत नुसतंच 'राधा', तिला राधानाथ करून टाकलं. ती चिडली आणि संस्थेत जाऊन भांडली. बाळूचं मात्र गावात नाव झालं. पोरं वाकून नमस्कार करायला लागली. एका म्हातारीनं तर खरोखरच नारळ आणून ठेवला. आम्ही चूक दुरुस्त करणार म्हटल्यावर त्याचा ऑफिसात फोन आला, "साहेब, एवढ्यात नगा करू. घरात जरा मान मिळायलाय."

इंगवले सरांना मीटिंगमधला प्रश्न आठवला. त्यांनी सगळ्यांदेखत चौगुलेच्या पाठीवर थाप मारली आणि कट वडे मागवले. चौगुलेनं प्लेट हातात घेऊन विचारलं, "प्लेट कुणाची?" आणि ऑफिस हसून लोळलं. हेच मी विचारलं असतं तर लोकांनी मला डॉक्टरकडं नेलं असतं.

त्या दिवशी घरी जाऊन मी आईला ही गोष्ट सांगितली. सांगायलाच नको होती. आई डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली, पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली, "त्या पोराला करून कोण घालतंय रं?"

म्हटलं, एकटाच राहतो कळंब्याला. आईवडील नाहीत.

दुसऱ्या दिवशी माझ्या डब्यात भरलं वांगं, दह्यातली मिरची आणि भाकरी होती. तो डबा चौगुलेसाठी होता. मला श्रीखंडाच्या रिकाम्या प्लॅस्टिकच्या डब्यात कालची उसळ.

माझा डबा म्हणजे तीन पुडांचा, स्टीलचा, वर ठिपक्या-ठिपक्यांनी आईचं नाव घातलेला. शाळेपासून मी त्यात जेवत आलो आहे. तो गेला तो आलाच नाही. मी मागितला की चौगुले म्हणायचा, "ज्यानं दिलं, त्यानंच न्यायचं. काकूंना पाठव." मी आईला म्हटलं, बघ, कसला माणूस आहे. आई म्हणाली, "बरोबर हाय की त्याचं," आणि शनिवारी बस पकडून कळंब्याला गेली. आली ती अंधार पडायच्या सुमाराला, डबा घेऊन, हसून हसून गाल लाल करून. सोमवारी पुन्हा तो डबा भरून चौगुलेकडं. मग दर शनिवारी हेच चाललं. सोमवार ते शनिवार डबा त्याच्याकडं, रविवारी घासून आमच्या फळीवर पालथा. आई शनिवारी नवं लुगडं नेसायची. माझ्याबरोबर बाजारात यायचं म्हटलं की मात्र तिचा गुडघा दुखायचा.

मला माझा डबा परत हवा होता. आणि खरं सांगायचं तर आईही.

मग आईचा गुडघा खरंच सुजला. चौगुले ऑफिसात रोज त्याची चौकशी करायचा. दोन शनिवार तिला जाता आलं नाही आणि डबा कळंब्यालाच अडकून पडला. मला ही संधी वाटली. रविवारी तिला न सांगता मी गाडी काढली आणि चौगुलेचं घर गाठलं. कळंब्याच्या तळ्याच्या अलीकडं त्याच्या दोन खोल्या आहेत. दार उघडून त्यानं आधी माझ्या मागं रस्त्याकडं बघितलं.

"काकू?"

"आली नाही. डबा दे."

"बस की. च्या टाकतो."

"डबा दे चौगुले. नियम सांगू नकोस."

मी सरळ आत गेलो. स्वयंपाकघराच्या फळीवर डबे, वाट्या, पातेली, एक पितळी तांब्या, सगळं लख्ख घासून ओळीनं मांडलेलं. त्याचं स्वतःचं म्हणजे एक ताट आणि एक पेला, तेवढंच बाजूला. मी विचारलं, ही एवढी भांडी कुणाची? तो एकेकावर बोट ठेवत गेला. हे वरच्या काकूंचं. हे पलीकडच्या मास्तरांचं. ह्यात खीर आलती. हे समोर राहणाऱ्या बेळगावकडच्या अक्कांचं, त्यांच्या नातवाच्या बारशाचं.

"मग पोचवून का देत नाहीस? सगळे इथलेच तर आहेत."

चौगुले स्टोव्हवरच्या आधणाकडं बघत म्हणाला, "पोचवलं की संपलं की रं."

विषय बदलायचा म्हणून मी सगळ्यात वरच्या फळीवरच्या झाकणाच्या डब्याकडं बोट केलं. तोही तसाच चकचकीत होता.

"आणि तो?"

"आईचा." त्यानं कपात चहा गाळला. "पुण्याला पहिल्या नोकरीवर निघालो तवा भडंग भरून दिलतं तिनं. म्हणाली, रिकामा आणू नगंस. मी यायच्या आधीच ती गेली." मला वाटलं, आता 'संपलं' म्हणेल. तो म्हणाला नाही. "आपल्या प्रोग्रामात लीक म्हणतात बघ त्याला. ज्यानं दिलं, तोच न्यायला येत न्हाय. भांडं आपलं धरून बसायचं."

आम्ही चहा प्यायलो. उठताना त्यानं न मागता माझा डबा आणून समोर ठेवला. वरच्या पुडात त्यानं केलेलं भडंग होतं, खालच्यात गुडघ्याला लावायच्या तेलाची बाटली, फडक्यात गुंडाळून.

"ने. श्रीखंडाच्या डब्यात जेवतोस रोज, बघतोय मी. तुझ्या आईचा हाय, तुझा न्हाय, पण ने."

मी जिंकलो होतो. डबा गाडीच्या हुकला लावला आणि वाटेत कुठंही न थांबता घरी आलो. आई पलंगावर पाय लांब करून बसली होती. मी डबा तिच्यापुढं ठेवला. ती हसेल असं मला वाटलं होतं.

तिनं डब्यावरच्या आपल्या नावावरून बोट फिरवलं. "आणलास व्हय?" मग भिंतीकडं बघत म्हणाली, "आता मी जाऊ कशाचं निमित्त करून?"

तेव्हापासून डबा घरी असला की सोमवारी तो मीच न कुरकुरता चौगुलेच्या टेबलावर ठेवतो. शनिवारी आईला गाडीवर मागं बसवून कळंब्याला सोडतो. तिचा हात धरून तिला पायरी चढवायला चौगुले बाहेर येतो. मी आत जात नाही. बाहेर गाडीवर बसून राहतो. आतून आईचं बोलणं ऐकू येतं, आमच्या घरी ती कधी बोलत नाही अशा गोष्टी, माहेरच्या, माझ्या वडिलांच्या, आणि मग तिचं ते हसणं. मला हेवा वाटतो. अजूनही वाटतो, आणि तो कमी होईल असं काही दिसत नाही.

अंधार पडता पडता आई बाहेर येते, माझ्या खांद्याला धरून गाडीवर बसते. हल्ली बहुतेक वेळा ती डबा आतच विसरून आलेली असते. मला ते दिसतं. चौगुले दारात उभा असतो, त्यालाही दिसत असणार.

मी गाडी सुरू करतो. श्रीखंडाचा डबा घरी आहेच.